कलावंत उंबऱ्याच्या आत येऊ द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चातुर्मास तोंडावर आला आहे. लग्नसराई संपली, गावोगावच्या जत्रा आटोपल्या. आता नवरात्रापर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या गोंधळ्यांना, हलगीवाल्यांना, शाहिरांना फारसं कुणाचं बोलावणं येणार नाही. नेमक्या याच दिवसांत त्यांना आपल्या घरी बोलवावं, समोर बसून ऐकावं आणि त्यांचा मोबदला तिथल्या तिथे हातात द्यावा, ही विनंती सोलापूरकरांना करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी मी गेली काही वर्षं लोकसंगीताच्या बैठका घेतो. "हे जमवता कसं?" असं पुष्कळजण विचारतात. त्यांनाही यातून उत्तर मिळेल.

मी एसटीत वाहक होतो. तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी या रस्त्यांवर माझी नोकरी झाली. तुळजापूरच्या गाडीत आराधी बायका चढायच्या. गळ्यात कवड्यांच्या माळा, काखेत परडी. गाडी गच्च भरलेली असली तरी त्यांच्या शेजारची जागा बराच वेळ रिकामी राहायची. हलगीवाल्यांना तर मागच्या दारापाशी उभं राहायची सवयच झाली होती, बसायला सांगितलं तरी बसायचे नाहीत. लग्नात गोंधळ घालून परतणारे गोंधळी शेवटच्या गाडीला असायचे. संबळ धडप्यात बांधून मांडीवर घेतलेला, तुणतुणं बाकाच्या कडेला. गाडी मोकळी असली की त्यातला एखादा हलक्या आवाजात आख्यानातलं एखादं कडवं धरायचा, दुसरा तुणतुण्याच्या तारेवर सूर द्यायचा. मी पुढच्या बाकावर पैशांचा हिशेब लावायचा सोडून ऐकत बसायचो. चालकाने आतला दिवा मालवलेला असायचा. तसं गाणं मला नंतर कुठल्याही रंगमंचावर ऐकायला मिळालं नाही.

रंगमंचावरही मी त्यांना ऐकलं आहे. सरकारी महोत्सव असतात, पुढाऱ्यांचे वाढदिवस असतात. गाणारा पन्नास फुटांवर, मध्ये पाहुण्यांच्या खुर्च्या, तोंडासमोर आवाज फाटलेला माईक. सत्कार लांबले म्हणून तासाच्या कार्यक्रमाची पंधरा मिनिटं होतात. संबळाच्या एका बाजूवर वाकड्या काडीने जो घुमारा काढतात, तो त्या माईकमधून नुसता खरखर होऊन बाहेर येतो. संबळ वाजवणाऱ्याचं मनगट कसं फिरतं, तो गाणाऱ्याच्या श्वासाकडे बघून ठेका कसा मागेपुढे ओढतो, हे दहा फुटांवरून कळतं, पन्नास फुटांवरून नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. या लोकांना आपण रंगमंच दिला, पण घरात घेतलं नाही. पोतराज अंगणात नाचला, जोगती ओट्याखाली उभी राहिली, हलगीवाला मांडवाच्या बाहेर जेवला आणि तोही सगळ्या पंगती उठल्यावर. गोंधळ्याला घरात जागा मिळाली ती विधीपुरती. जात हे त्याचं कारण आहे आणि ते स्पष्ट लिहायला हवं. यातले बरेचसे लोक भटक्या-विमुक्त किंवा अनुसूचित जातींतले आहेत. त्यांची कला आपल्याला हवी असते, पण त्यांचा पाय आपल्या फरशीवर नको असतो. पेशवाईतले नामांकित शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचेच. विद्वान घरातला हा मुलगा तमाशाच्या फडात रमला म्हणून थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढलं, असं सांगतात. दोनशे वर्षांनंतरही कलावंत आणि उंबरा यांच्यातलं ते अंतर फारसं कमी झालेलं नाही.

माझी पुतणी अमेरिकेत असते. तिकडे लोकगीतं गाणारे कलावंत गावोगाव फिरतात आणि लोकांच्या दिवाणखान्यात गातात, हे तिने मला सांगितलं. वीस-पंचवीस, फार तर पन्नास माणसं. यजमान एक रुपया ठेवत नाही, येणारे ऐच्छिक रक्कम टोपलीत टाकतात, ती सगळी कलावंताची. रात्री तो त्याच घरी मुक्काम करतो. मला त्यातली पैशांची पद्धत आवडली आणि ती मी उचलली. बाकी बैठक आपल्याला नवी नाही. शास्त्रीय गाणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांत बसूनच ऐकलं गेलं. लोककलावंताला त्या गालिच्यावर जागा नव्हती, एवढाच फरक.

माझी खोली १२ बाय १८ फुटांची आहे. दिवाण आणि कपाट आतल्या खोलीत सरकवतो, खाली सतरंजी आणि वर आपल्याच सोलापुरी चादरी. पस्तीस माणसं मांडीला मांडी लावून बसतात. म्हाताऱ्यांसाठी भिंतीकडेला खुर्च्या. कलावंताची जागा खिडकीकडच्या भिंतीला, पाठ टेकेल अशी, आणि त्याच्यापुढे तीन हात मोकळी जागा. माईक नाही. गाणं सुरू झालं की पंखा बंद करावा लागतो, कारण तुणतुण्याचा किंवा एकतारीचा सूर पंख्याच्या घरघरीत बुडतो. उन्हाळ्यात आपल्याकडे ४२ अंशांच्या पुढे पारा जातो, तेव्हा बंद पंख्याखाली बसवणं कुणालाच झेपत नाही. म्हणून एप्रिल-मे मध्ये मी बैठक घेत नाही. तेव्हा कलावंतही जत्रांत गुंतलेले असतात.

कुठलं वाद्य कुठे बसवायचं, हे मात्र नीट ठरवावं लागतं. एकतारी भजन, जात्यावरच्या ओव्या, जोगत्यांचं चौंडकं, दिमडी ही खोलीतली. चौंडकं ज्यांनी जवळून ऐकलं नाही त्यांनी एकदा ऐकावंच. काखेत धरलेल्या त्या लहानशा वाद्याची तार ओढून-सैल सोडून जो आवाज निघतो, तो माणसाच्या बोलण्याच्या इतका जवळ असतो की शेजारची मुलं पुढे सरकून त्यात कोण बोलतंय ते बघू लागतात. संबळ आणि हलगी मात्र गच्चीवर. ती उघड्या हवेसाठीच घडलेली वाद्यं आहेत, बंद खोलीत कान बधिर होतात आणि ठेक्याची नजाकतही कळत नाही. पावसाळी हवेत हलगीचं कातडं सैल पडतं. वाजवणारे ती शेकून घेतात. त्यासाठी गच्चीच्या कोपऱ्यात एका पाटीत कागद आणि काटक्या तयार ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी मध्ये थांबावं लागतं. हा वेळ वाया जात नाही. हलगी शेकता शेकता ती माणसं बोलायला लागतात. कुस्तीच्या फडातला ठेका कसा, वरातीचा कसा, देवीच्या छबिन्याचा कसा, हे मला त्याच वेळात कळलं.

पहिल्यांदा हलगी बोलावली तेव्हा गल्लीत बरीच कुजबुज झाली. शेजारच्या काकू घरी येऊन सौ.ला म्हणाल्या, "अहो, हलगी मयताला वाजवतात. भरल्या घरात कशाला?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना मनापासून काळजी वाटली होती. सौ. त्यांना म्हणाली, "काकू, तुमच्या लेकाच्या वरातीतही हलगीच होती. तुम्ही स्वतः ओवाळलं होतं." काकू त्या दिवशी आल्या नाहीत, पण त्यांच्या गच्चीवर खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसल्या. पुढच्या बैठकीला त्या शेंगांची चटणी घेऊन आमच्याकडे आल्या.

गोंधळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे घाई करून चालत नाही. गोंधळ हा कुळाचार आहे, मनोरंजन नव्हे. माझ्या ओळखीच्या एका नाईकांना, म्हणजे गोंधळ्यांच्या मेळाच्या प्रमुखांना, मी बैठकीबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चौक मांडायचा असेल, दिवटी पाजळायची असेल, तर सगळं रीतीप्रमाणे होईल आणि आरतीपर्यंत कुणी उठायचं नाही. नुसतं ऐकायचं असेल तर आख्यान ऐका, पण त्याला गोंधळ म्हणू नका." मला हे फार पटलं. तेव्हापासून मी निमंत्रणात 'आख्यान' असंच लिहितो.

त्याच नाईकांनी सांगितलेली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. त्यांचे वडील रात्रभर चालणारी आख्यानं गायचे. आता लग्नघरवाले म्हणतात, जेवणं व्हायच्या आत, पाऊण तासात आटपा. त्यांचा मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, सुट्टी मिळाली की वडिलांबरोबर संबळावर बसतो. हाताला उत्तम वळण आहे. पण त्याला येतं ते पाऊण तासाचं आख्यान. उरलेलं वडिलांच्या डोक्यात आहे आणि ते गाण्याची वेळच येत नाही, म्हणून मुलाच्या कानावर पडत नाही. आपण जेवढं मागतो तेवढंच पुढच्या पिढीला येतं. माझ्या घरी ते साडेतीन तास गायले. मध्यंतरानंतर एका ठिकाणी मुलाने ठेका धरला नाही, नुसता ऐकत बसला, कारण तो भाग त्याने स्वतःच्या वडिलांकडून पहिल्यांदाच ऐकला होता. नाईकांनी गाणं थांबवलं, त्याला दोन वेळा ठेका सांगितला आणि पुढे निघाले. पस्तीस माणसांपैकी एकानेही चुळबुळ केली नाही. अशी शिकवणी रंगमंचावर होऊ शकत नाही. तिथे थांबायची सोय नसते.

सोलापूरसारखं शहर या कामासाठी शोधून सापडणार नाही. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एका गल्लीत नांदतात. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडात आहेत आणि त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे सगळं शहर लोटतं. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडे कन्नड भजनी मंडळं आहेत. मंगळवेढ्याच्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या भेटीला धनगरी ढोल जमतात, आणि त्यातले जुने जाणते ओव्या गातात, मग सपादणीत तीच कथा गद्यात उलगडून सांगतात. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबाचा कन्नडातला भाऊबंद हरदेशी-नागेशी आपल्या सीमेला लागूनच आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख, ज्यांनी मोटारीवर क्लीनर आणि गिरणीत कामगार म्हणून दिवस काढले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या पहाडी आवाजाने मैदानं हलवली, तेही याच मातीतले. एसटीतल्या माणसाला त्यांचा जास्तच अभिमान वाटणार.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती बतुकम्माची, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाची बैठक. माझ्याबरोबर अनेक वर्षं ड्युटी केलेले एक चालक पद्मशाली समाजातले, पूर्व भागात राहणारे. त्यांच्या मातोश्रींनी जन्मभर विड्या वळल्या, घरात यंत्रमागाचा खडखडाट, आणि तरीही त्यांना बतुकम्माची किती गाणी येतात त्याची मोजदाद त्यांच्या घरातही कुणी केलेली नाही. त्यांना आमच्याकडे यायला संकोच वाटत होता. "मराठी लोकांना काय कळणार?" असं म्हणत होत्या. शेवटी चार सुना-नाती बरोबर घेऊन आल्या. झेंडू आणि तरवडाची फुलं थाळीत रचून बतुकम्मा केली, खोलीच्या मध्यावर ठेवली आणि टाळ्यांच्या ठेक्यावर तिच्याभोवती फेर धरला. आजी एक ओळ गायच्या, बाकीच्या 'उय्यालो' म्हणून पालुपद उचलायच्या. सुनांना पालुपदच येत होतं. ओळी एकट्या आजींना.

आमच्याकडच्या बायका भिंतीला टेकून बघत होत्या. आजींबरोबर आलेल्या एका मुलीने अर्थ सांगितला, सासरी गेलेल्या लेकीला माहेरचं बोलावणं येतं अशा अर्थाचं ते गाणं होतं. तेव्हा कोपऱ्यातून एकजण म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला हादगा!" तोच अश्विन महिना, तोच फेर, तीच सासर-माहेरची गाणी. चहानंतर मराठी बायकांनी पाटावर हत्ती मांडून हादग्याचा फेर धरला आणि आजी मध्ये उभ्या राहून टाळ्या देत होत्या. एकाच शहरात वर्षानुवर्षं राहून या बायकांनी एकमेकींचं गाणं ऐकलेलं नव्हतं. त्यासाठी ना अनुदान लागलं ना सभागृह. घराचं दार उघडं ठेवलं एवढंच.

आता व्यवहाराचं. कलावंताची रक्कम आधी ठरवावी आणि ती जमलेल्या पैशांवर अवलंबून ठेवू नये. आमच्याकडे दाराशी डबा असतो, माणशी २०० रुपये अशी अपेक्षा सांगितलेली असते. ज्याला जमत नाही त्याने काही टाकू नये, कुणी बघत नाही. जास्त जमलं तर सगळं कलावंताचं, कमी पडलं तर भर मी घालतो. गाडीभाडं वेगळं. पाकीट सगळ्यांसमोर न देता जेवणानंतर, मोजून, मुख्य माणसाच्या हातात. बक्षीस म्हणून नोटा ओवाळणं, अंगावर उधळणं आमच्याकडे चालत नाही.

वेळ ठरवताना घरच्या सोयीपेक्षा शेवटची गाडी बघावी. रविवारी दुपारी चारला सुरू करून साडेसात-आठला संपवलं तर माणसं जेवून आपापल्या गावाला पोचतात. गाडी नसेल तर मुक्कामाची व्यवस्था आपली, आणि ती घरातच, पार्किंगमध्ये नव्हे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात, रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. आपल्याकडे ध्वनिक्षेपक नसला तरी संबळ-हलगी दिवस मावळायच्या सुमारास थांबवलेली बरी. गच्ची आपली असली तरी झोप शेजाऱ्याची असते.

जेवण एकाच पंगतीत, सारख्याच ताटांत. भाकरी, आमटी, शेंगांची चटणी, एखादी भाजी, एवढं पुरतं. देवीचे आराधी, गोंधळी यांचे मंगळवार-शुक्रवारचे उपास असतात, ते आधी विचारावं. गाण्यापूर्वी पोटभर वाढू नये.

मोबाइल. याबाबतीत मी कडक आहे. कलावंताने आनंदाने परवानगी दिली तरच चित्रीकरण, तेही एकाच माणसाने, आणि त्याची प्रत आधी कलावंताच्या घरच्यांना. यांची गाणी दुसऱ्याच कुणाच्या यूट्यूब चॅनेलवर लाखो वेळा पाहिली जातात आणि गाणाऱ्याचं नावही खाली नसतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणखी एक काम यजमानाने जरूर करावं. राज्य शासनाने २०२४ मध्ये ज्येष्ठ कलावंतांचं मानधन दरमहा ५,००० रुपये केलं. पण अर्ज करताना कलेच्या सेवेचे पुरावे जोडावे लागतात, आणि लग्नात-जत्रेत आयुष्य घालवलेल्या माणसाला लेखी कोण देणार? म्हणून मी प्रत्येक बैठकीनंतर तारीख, ठिकाण, काय सादर केलं, किती श्रोते होते असं सहीचं पत्र कलावंताला देतो. सोसायटीच्या लेटरहेडवर दिलं तर उत्तम. एका कागदाला आपल्याला काही पडत नाही, त्या माणसाच्या फाइलला मात्र वजन येतं.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. आपल्या 'आजचे कार्यक्रम' सदरात सभागृहांतल्या कार्यक्रमांबरोबर घरगुती बैठकांनाही दोन ओळींची जागा द्यावी. यजमानाची परवानगी असेल तिथे गल्लीचं नाव आणि वेळ, एवढं पुरे. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातल्या आणि शहरातल्या महाविद्यालयांतल्या मराठी, कन्नड, तेलुगूच्या विद्यार्थ्यांनी अशा बैठकांना वही घेऊन बसावं, आजींसारख्यांच्या ओळी उतरवून घ्याव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या अशाच गावोगाव बसून गोळा केल्या. आपल्या पूर्व भागातल्या बतुकम्माच्या, सीमेवरच्या कन्नड पदांच्या वाट्याला माझ्या माहितीत अजून असं कुणी आलेलं नाही.

ज्यांना पहिलीच बैठक घ्यायची असेल त्यांनी एकतारी भजनापासून सुरुवात करावी. एक गाणारा, एक टाळकरी, फार सामान नाही, आणि पंढरपूर रस्त्यावरच्या कुठल्याही गावात असा माणूस सापडतो. एकादशी सोडून कुठलाही रविवार चालेल. वीसच माणसं बोलवा, पण त्यांना सांगा की मध्यंतरापर्यंत उठायचं नाही. कलावंताला निरोप फोनवर न देता त्याच्या गावी जाऊन द्या. त्याच्या घरी चहा घ्या, मग आपल्या घरी बोलवा.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
जुळे सोलापूर